चालकाची तब्येत ठरवणाऱ्या डॉक्टरांचे पैसे कोणी द्यावेत?

घरात कुणी ट्रक, जीप, रिक्षा किंवा एसटी चालवत असेल आणि त्याला शुगर, फिट, हृदयविकार किंवा डोळ्यांचा आजार निघाला, तर पहिला प्रश्न औषधाचा असतो आणि दुसरा लगेच येतो, ‘डॉक्टर, आता गाडी चालवता येईल का?’ या दुसऱ्या प्रश्नाचे नीट उत्तर देणारी व्यवस्था आपल्या राज्यात जवळजवळ नाही. ती उभारायची म्हटली की मुद्दा पैशांवर येऊन अडतो. चालकांच्या वैद्यकीय पात्रतेबाबत सरकारला सल्ला देणारे डॉक्टरांचे मंडळ नेमले, तर त्यांना मानधन द्यायचे की ही समाजसेवा समजायची?

हा प्रश्न सरकारी कारकुनीचा वाटेल, पण त्याच्या उत्तरावर तुमच्या घरातल्या चालकाची नोकरी आणि त्याच्या गाडीत बसणाऱ्यांचा जीव या दोन्ही गोष्टी अवलंबून आहेत.

आज काय होते?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ८ नुसार प्रवासी किंवा मालवाहू गाडीच्या परवान्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. हा कागद म्हणजे फॉर्म १-ए. आपल्याकडे लोक त्याला नुसते ‘मेडिकल’ म्हणतात. खासगी गाडीसाठी चाळिशीपर्यंत अर्जदाराने स्वतः भरलेला फॉर्म १ चालतो. चाळिशीनंतर तिथेही डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते. आता अनेक ठिकाणी डॉक्टर ते ऑनलाइन भरून देतात.

फॉर्म १ मध्ये तुम्ही स्वतः सांगायचे असते: फिट येते का, अचानक शुद्ध हरपते का, चक्कर येते का, रात्री कमी दिसते का, ऐकू येते का, हातापायांत ताकद आहे का. फॉर्म १-ए मध्ये डॉक्टरने तपासायचे असते. दिवसाउजेडी २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, हॉर्न ऐकू येतो का, रातांधळेपणा आहे का, हात, पाय आणि सांधे ठीक आहेत का, यावर त्याचा भर असतो.

यात काय नाही ते पाहा. इन्सुलिन घेता का, शुगर एकदम खाली जाते का, छातीत दुखते का, रात्री मोठ्याने घोरून दिवसा डुलक्या येतात का, झोपेची गोळी चालू आहे का, हे डॉक्टरने विचारलेच पाहिजे असे त्या कागदावर लिहिलेले नाही. ‘इतर कोणता आजार’ असा एक रकाना फॉर्म १ मध्ये आहे, पण तो भरायचा तुम्ही. आणि ज्याचे पोट गाडीवर आहे, तो तिथे ‘नाही’ लिहिणार हे सगळ्यांना माहीत असते.

आणखी एक बदल लक्षात घ्या. २०१९ च्या दुरुस्तीत व्यावसायिक परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षे झाली. चालकांचे हेलपाटे वाचले, ते चांगलेच झाले. पण ४५ व्या वर्षी ठणठणीत असलेल्या माणसाला ४६ व्या वर्षी मधुमेह निघाला, तर पुढच्या तपासणीपर्यंत चार वर्षे जाऊ शकतात. या काळात काय करायचे याचा वैद्यकीय नियम कुठेच स्पष्ट नाही.

पैसे आज कोण देतो?

आज ‘मेडिकल’ची फी चालक देतो. म्हणजे ज्याची पात्रता ठरवायची, त्याच्याच खिशातून ठरवणाऱ्याला पैसे मिळतात. मीही एमबीबीएस डॉक्टर आहे. अशी प्रमाणपत्रे माझ्याकडेही मागितली जातात, म्हणून या प्रश्नात माझा हितसंबंध आहे हे आधीच सांगतो.

गावातल्या दवाखान्यात हा पेच रोजचा असतो. समोरचा माणूस ओळखीचा असतो, त्याच्या मुलांना ताप आला तर तो आपल्याकडेच येतो. त्याला ‘नाही’ म्हटले तर तो दुसरीकडे जाईल आणि तिथून कागद घेईल. ‘हो’ म्हटले आणि पुढे काही झाले, तर त्या कागदावर आपली सही असेल. बहुतेक डॉक्टर प्रामाणिक असतात. पण प्रामाणिकपणा महाग आणि सही स्वस्त ठरते अशी व्यवस्था असेल, तर दोष एकट्या डॉक्टरवर टाकून भागत नाही.

तिसगाव कल्याण-विशाखापट्टणम या ६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर आहे. नगर आणि पाथर्डीच्या मध्ये करंजी घाट लागतो. ऊसतोडीचा हंगाम आला की पाथर्डी तालुक्यातून माणसे, बैल, संसार घेऊन गाड्या निघतात, आणि फाल्गुनात मढीच्या यात्रेला याच रस्त्यांवर गर्दी होते. आता असा एक चालक डोळ्यांसमोर आणा, वय ४६, सकाळी इन्सुलिन घेतलेले, जेवण लांबलेले, मागे वीस माणसे. घाटात त्याला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि समोरचे धूसर दिसू लागले. त्याचा परवाना वैध आहे, प्रमाणपत्रही वैध आहे. पण शुगर खाली गेल्यावर काय करायचे, हे त्याला परवाना देताना कुणी सांगितलेले नाही.

मंडळ कशासाठी हवे?

मोटार वाहन कायद्यात चालकांच्या वैद्यकीय पात्रतेसाठी वेगळ्या सल्लागार मंडळाची तरतूद नाही. कलम २१५ मध्ये राज्य रस्ता सुरक्षा परिषद आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समिती यांची तरतूद आहे, आणि सदस्यांच्या अटी-शर्ती सरकारने ठरवाव्यात असे म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशात राज्यांना या परिषदा आणि समित्या कामाला लावण्यास सांगितले. वाहतूक दंडाच्या काही रकमेतून रस्ता सुरक्षा निधी उभारण्यासही सांगितले. म्हणजे असे मंडळ बसवायला जागा आहे आणि पैशांची वाटही दाखवलेली आहे.

वैद्यकीय सल्ल्याने नियम किती बदलू शकतो, याचे उदाहरण रंगांधळेपणाचे आहे. पूर्वी लाल-हिरवा रंग नीट न ओळखणाऱ्याला सरसकट परवाना नाकारला जाई. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने वैद्यकीय तज्ज्ञ संस्थेचा सल्ला घेतला आणि जून २०२० मध्ये नियम बदलला. सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असणाऱ्यांना वाट मोकळी झाली, तीव्र असणाऱ्यांवर बंदी राहिली. विनाकारण अडवलेल्या कितीतरी माणसांचा रस्ता एका सल्ल्याने मोकळा झाला. असा सल्ला मधुमेह, फिट, हृदयविकार आणि झोपेच्या आजारांबाबत नियमितपणे मिळाला पाहिजे.

मंडळाने प्रत्येक प्रमाणपत्र तपासायचे नाही, ते शक्यही नाही. त्याची कामे दोनच. पहिले, कोणत्या आजारात कोणती गाडी, किती दिवसांनी, कोणत्या अटींवर चालवता येईल, याचे स्पष्ट निकष लिहून ते मराठीत प्रसिद्ध करणे. दुसरे, वादाच्या प्रकरणात मत देणे. आरटीओने आजाराच्या कारणावरून परवाना नाकारला किंवा कलम १६ खाली रद्द केला, तर कलम १७ नुसार ३० दिवसांत अपील करता येते. ते अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला हृदयाचा किंवा मेंदूचा अहवाल वाचून दाखवणारे कुणीतरी हवे.

फुकट मंडळाचे तोटे

‘डॉक्टरांना काय कमी आहे, त्यांनी महिन्यातून एक दिवस द्यावा’ असे अनेकांना वाटते. ऐकायला ते बरे वाटते, पण असे फुकटचे मंडळ तीन ठिकाणी अडखळते.

पहिली अडचण हजेरीची. खासगी तज्ज्ञाची ओपीडी एक दिवस बंद राहिली तर त्याचे रुग्ण आणि उत्पन्न दोन्ही जातात. पहिल्या दोन बैठकांना सगळे येतात, नंतर कोरम भरत नाही. मग फाइल थांबते आणि फाइलसोबत कुणाचा तरी परवाना थांबतो. ट्रकचालकासाठी दोन महिने थांबणे म्हणजे दोन महिन्यांचे हप्ते थकणे.

दुसरी अडचण, कोण येतो याची. पैसे न घेता नियमित येणे ज्यांना परवडते, त्यात सुखवस्तू लोक असतात, आणि ज्यांना त्या खुर्चीचा दुसरीकडे उपयोग होतो तेही असतात. एखादी तपासणी सक्तीची झाली की ज्याच्या केंद्राचा फायदा होईल, त्याने तो नियम लिहिणे बरे नव्हे.

तिसरी अडचण रुग्णांच्या बाजूची आहे, आणि ती सर्वांत कमी बोलली जाते. अशा मंडळावर एक अनुभवी चालक आणि एक रुग्ण-प्रतिनिधी असायला हवेत. आजार लपवावा का वाटतो, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नसते. पण पाथर्डीहून मुंबईला बैठकीला जायचे म्हणजे दोन दिवसांची रोजी बुडणार. डॉक्टर एक वेळ फुकट येईल, चालक येऊ शकणार नाही. मानधन नसलेले मंडळ गरिबाला दारातच थांबवते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. ब्रिटनमध्ये हृदयविकार, मेंदूचे विकार, मधुमेह, दृष्टी, मानसिक आजार आणि दारू-अमली पदार्थ अशा सहा विषयांची तज्ज्ञ मंडळे वाहनचालकांबाबत सरकारला सल्ला देतात. त्यांच्या नावातच ‘मानद’ हा शब्द आहे, सदस्य पगार घेत नाहीत. तरीही त्यांचे निकष जगभरातले डॉक्टर वाचतात. मग आपण का पैसे द्यावेत?

कारण त्या मानद मंडळांच्या मागे परवाना देणाऱ्या सरकारी संस्थेचा पगारी वैद्यकीय विभाग आहे. एकेका रुग्णाच्या फाइली तिथले पूर्णवेळ डॉक्टर आणि कर्मचारी बघतात. मंडळ वर्षातून मोजक्या वेळा बसून धोरण सांगते. आपल्या आरटीओत असा वैद्यकीय विभागच नाही. तिथली फुकटची बाजू उचलायची आणि पगारी बाजू सोडून द्यायची, याला अनुकरण म्हणता येणार नाही. अमेरिकेतही अनेक राज्यांत अशी मंडळे आहेत. काही राज्ये सदस्यांना मोबदला देतात, काही देत नाहीत. मंडळाने धोरण सांगायचे की एकेका माणसाचे प्रकरण तपासायचे, यावर कामाचा बोजा ठरतो, आणि मोबदलाही त्या बोज्याकडे पाहून ठरायला हवा.

मानधन कसे द्यावे?

नुसते ‘द्या’ म्हणून भागत नाही. चुकीच्या पद्धतीने दिलेला पैसा न दिलेल्या पैशापेक्षा जास्त नुकसान करतो.

• मानधन बैठकीच्या दिवसाचे आणि कागद वाचण्याच्या वेळेचे असावे. दर प्रकरणामागे नको. दर फाइलमागे पैसे दिले तर फाइली भराभर संपतील, पण वाचल्या जाणार नाहीत.

• निकाल ‘योग्य’ लागो की ‘अयोग्य’, रक्कम तीच राहावी.

• पैसे सरकारी निधीतून यावेत. चालक, वाहतूक कंपनी, विमा कंपनी किंवा तपासणी केंद्र यांच्याकडून एक रुपयाही नको.

• सरकारी डॉक्टर सदस्य असेल तर बैठकीचा दिवस त्याच्या ड्युटीत धरावा. सकाळी ओपीडी आणि दुपारी मंडळ असे केले तर दोन्हीकडचे रुग्ण भरडले जातात.

• चालक आणि रुग्ण-प्रतिनिधींना डॉक्टरांइतकेच मानधन आणि प्रवासखर्च मिळावा, आणि तो वेळेवर मिळावा. सहा महिन्यांनी निघणारे बिल हातावर पोट असणाऱ्याच्या कामाचे नाही.

• सदस्यांची नावे, मिळालेली रक्कम, हजेरी आणि हितसंबंध दरवर्षी प्रसिद्ध करावेत.

परवडेल का?

एक साधा हिशेब करून पाहू. हे आकडे कोणत्याही सरकारी प्रस्तावातले नाहीत, फक्त अंदाज यावा म्हणून घेतले आहेत. सात सदस्य, महिन्याला एक बैठक, प्रत्येकाला दिवसाचे ५,००० रुपये. वर्षाचे झाले ४ लाख २० हजार रुपये. प्रवास आणि कार्यालयाचा खर्च वेगळा धरला तरी राज्याच्या दृष्टीने रक्कम लहानच राहते.

आता दुसरी बाजू पाहा. २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातातील जखमींसाठी कॅशलेस उपचारांची योजना लागू केली. त्यात प्रत्येक जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. योजना चांगलीच आहे. पण तीन जखमींच्या कमाल मर्यादेची बेरीज साडेचार लाख होते, म्हणजे मंडळाच्या वर्षभराच्या मानधनाहून जास्त. केंद्राच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. यातले किती अपघात चालकाच्या आजारामुळे झाले, हे त्या आकड्यावरून कळत नाही. बहुतेक अपघातांची कारणे वेग, रस्ता, दारू अशी असतात. मंडळ नेमले की अपघात थांबतील असा दावा कुणी करू नये. पण एक अपघात टळला तरी वर्षाचा खर्च वसूल होतो, एवढे मात्र म्हणता येते.

तुमच्या मनातली भीती

‘असे मंडळ आले तर आमच्या माणसाचा परवाना जाईल’ ही भीती खरी आहे. पण निकष लिहिलेले नसतात तेव्हाच मनमानी जास्त होते. फिटचे उदाहरण घ्या. आपल्याकडे फॉर्मवर फिट आहे एवढे लिहिले की दार बंद होते. वर्षानुवर्षे फिट न आलेल्याचे काय, याचे स्पष्ट उत्तर नाही. म्हणून लोक ती लपवतात. ब्रिटनमध्ये साधारणपणे वर्षभर फिट आली नाही तर कार चालवता येते. ट्रक-बससाठी मात्र औषधाशिवाय दहा वर्षे जावी लागतात. नियम कडक आहे, पण ‘कधी ना कधी परत चालवता येईल’ असे तो सांगतो. ज्याला परतीची वाट दिसते, तो खरे सांगायला तयार होतो.

एसटीसारख्या सरकारी आस्थापनेत असणाऱ्यांनी एक हक्क लक्षात ठेवावा. नोकरीत असताना कायदेशीर व्याख्येत बसणारे अपंगत्व आले, तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २० नुसार त्या कारणावरून नोकरीवरून काढता येत नाही. चालकाचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यायचे असते. खासगी ट्रकवाल्याला हे संरक्षण नाही. मंडळ झाले तर त्याने सरकारपुढे मांडायचा हा पहिला विषय ठरावा.

तोपर्यंत तुम्ही काय करावे?

मंडळ होईल तेव्हा होईल. आज घरात चालक असेल तर एवढे पाळा.

इन्सुलिन किंवा शुगर खाली नेऊ शकणाऱ्या गोळ्या चालू असतील (ग्लिमेपिराइड ही त्यातली नेहमीची), तर निघण्यापूर्वी शुगर तपासा आणि लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी पुन्हा पाहा. ९० च्या खाली असेल तर आधी काही खा. ७० च्या आसपास किंवा खाली असेल, अथवा घाम, थरथर, धूसर दिसणे जाणवले, तर गाडी बाजूला घ्या, साखर किंवा ग्लुकोज घ्या. शुगर वर आल्यानंतरही पाऊण तास थांबा, कारण मेंदू पूर्ववत व्हायला वेळ लागतो. गाडीत साखरेची पुडी आणि बिस्किटे कायम ठेवा.

फिट आली किंवा अचानक शुद्ध गेली तर डॉक्टर सांगेपर्यंत दुचाकीसुद्धा चालवू नका. औषध मनाने बंद करू नका.

हृदयविकाराचा झटका किंवा अँजिओप्लास्टी झाली असेल तर डिस्चार्जच्या वेळी स्पष्ट विचारा: ‘मी ट्रक चालवतो. किती दिवसांनी, कोणती तपासणी करून परत चालवू?’ कार आणि ट्रक यांचे उत्तर वेगळे असते, म्हणून कोणती गाडी चालवता ते सांगायला विसरू नका.

मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे, दिवसा डुलक्या असतील तर तो थकवा समजून सोडू नका. हा झोपेचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

सर्दी-खोकल्याची, ॲलर्जीची, झोपेची किंवा चिंतेची गोळी घेताना ‘याने गुंगी येते का?’ हे विचारल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावू नका.

‘मेडिकल’ काढायला जाताना चष्मा आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्या आणि डॉक्टरला तपासू द्या. आजार लपवून घेतलेला परवाना कलम १९ खाली अपात्र ठरू शकतो. शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या आपण धोकादायक अवस्थेत आहोत हे माहीत असूनही गाडी चालवली, तर कलम १८६ खाली दंड आहे.

आरटीओने आजारामुळे परवाना नाकारला तर कारण लेखी घ्या आणि तज्ज्ञ डॉक्टरचा ताजा अहवाल जोडून ३० दिवसांच्या आत अपील करा.

आणि ग्रामसभेत, चालक संघटनेत किंवा लोकप्रतिनिधीपुढे रस्ता सुरक्षेचा विषय निघाला, तर खड्डे आणि गतिरोधकांच्या यादीत आणखी एक मागणी जोडा. चालकांच्या तब्येतीचे निकष लिहिणारे मंडळ नेमा, त्यात एक चालक बसवा आणि सगळ्यांना सरकारी तिजोरीतून, सगळ्यांना दिसेल असे मानधन द्या. डॉक्टरचे पैसे चालकाच्या खिशातून येत नसतील, तर डॉक्टरला खरे बोलणे सोपे जाईल. आणि आपले ऐकून घेणारे कुणी मंडळावर आहे हे दिसले, तर चालकही खरे सांगेल.